नोकरी लागली की बघू

पदवीचे निकाल लागून तीन-चार महिने उलटले की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एका विशिष्ट वयाची गर्दी वाढू लागते. बावीस ते पंचवीस वर्षांची मुलं-मुली. केसपेपरवर पत्ता पुण्याचा असतो, पण तो पत्ता म्हणजे बहुतेकदा चौघांच्या खोलीतली एक कॉट. घर लातूरकडचं, जळगावचं किंवा करमाळ्याचं. तक्रारी साधारण ठरलेल्या : पित्त, डोकेदुखी, छातीत धडधड, झोप नाही, केस गळतात, वजन उतरलंय. कधीपासून, असं विचारलं की उत्तर येतं, ‘चार महिने झाले, मॅडम.’ मग आधी का नाही आलात? ‘म्हटलं, नोकरी लागली की बघू.’

दाढ किडली, चष्म्याचा नंबर वाढला, पाळी दोन महिने चुकली. सगळं नोकरी लागेपर्यंत पुढे ढकललेलं. यामागे पैशांची चणचण आहे, तशीच एक समजूतही आहे. कमवत नाही तोवर स्वतःवर खर्च करायचा, आजारी पडायचा आपल्याला हक्क नाही, अशी. पण शरीर ऑफर लेटरची वाट बघत थांबत नाही. उलट याच काळात त्याच्यावर सर्वांत जास्त ताण असतो.

आधी एक आकडा सांगते, कारण यातली पुष्कळ मुलं स्वतःलाच नालायक समजत असतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगाराविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ मध्ये १५ ते २९ वयोगटातल्या पदवीधरांमधला बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. याच वयोगटातल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्यांमध्ये तो ३.४ टक्के होता. इतक्या मोठ्या संख्येने पदवीधर वाट बघत असतील, तर त्याला एकेका मुलाचा दोष म्हणता येणार नाही.

वेळ भरपूर, पण दिवस हातातून जातो

बेकारी शरीर-मनाचं काय करते, याचा एक जुना आणि नावाजलेला अभ्यास ऑस्ट्रियात झाला. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या संशोधकांनी तिथल्या लोकांचं दैनंदिन जगणं बारकाईने टिपलं. ते पुस्तक १९३३ मध्ये प्रसिद्ध झालं. अपेक्षा अशी होती, की हाताशी वेळ असल्यावर लोक जास्त वाचतील, एकत्र येतील. घडलं उलटं. गावातल्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेगही मोजला. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालू लागले होते.

याहोडा यांनी पुढे मांडलं, की नोकरी पगाराबरोबर न दिसणाऱ्या आणखी काही गोष्टी देते : दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, सर्वांसोबत काही करतोय ही भावना, समाजात ओळख आणि हातांना काम. कॉलेज संपतं तेव्हा यातल्या बऱ्याच गोष्टी एका झटक्यात सुटतात. शहर नवं असेल तर अधिकच. काल ‘थर्ड इयरचा’ असलेला मुलगा आज कोणाचाच नसतो.

कार्स्टन पॉल आणि क्लाउस मोझर यांनी २००९ मध्ये बेकारी आणि मानसिक आरोग्याविषयीच्या तीनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मानसिक त्रासाचं प्रमाण नोकरी असलेल्यांमध्ये सरासरी १६ टक्के, तर बेकारांमध्ये ३४ टक्के आढळलं. पुन्हा काम मिळाल्यावर हा त्रास कमी होतो, हेही त्यात दिसलं. म्हणजे त्रास खरा आहे आणि तो कायमचा नाही.

म्हणून माझ्या चिठ्ठीवर औषधाआधी बऱ्याचदा एक वेळ लिहिलेली असते : उठण्याची. रात्री दोनपर्यंत नोकरीची संकेतस्थळं चाळायची, सकाळी दहाला उठायचं, मग दिवसभर चहावर चहा, हे चक्र मोडायला उठण्याची वेळ पक्की करणं सर्वांत सोपं. रविवारीही तीच. झोपायची वेळ आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप मागे येऊ लागते. अर्ज भरण्यासाठी दिवसाचे तीन-चार तास ठरवा आणि ते संपले की थांबा. चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरातून निम्मं उतरायलाही साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा कडक चहा मध्यरात्रीही रक्तात बराच शिल्लक असतो, हे लक्षात ठेवा. आणि सकाळी अर्धा तास भरभर चाला. रेंगाळणाऱ्या पावलांवर तो साधा उतारा आहे.

एकवेळची मेस

पैसे वाचवायचे तर पहिली कात्री जेवणाला लागते. दोन वेळची मेस एकवेळची होते. उरलेली वेळ वडापाव, बिस्किटं, मॅगीवर निघते. पोट भरतं, पण प्रथिनं, लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व मिळत नाही. दम लागणं, चक्कर, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा या तक्रारी घेऊन येणाऱ्यांचं रक्त तपासलं की बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रियांत १२ च्या खाली गेलं, की त्याला रक्तक्षय म्हणतात. अशा मुलाला मुलाखतीत उत्तर सुचलं नाही, तर त्याचं कारण अभ्यासातच असेल असं नाही.

स्वस्तात करता येण्यासारखं बरंच आहे. खोलीवर गॅस नसला तरी शेंगदाणे, फुटाणे, भिजवलेली मटकी, केळी, दही ठेवता येतं. मटकीवर लिंबू पिळा, त्यातल्या ‘सी’ जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह कमी शोषलं जातं, म्हणून दोन्हींत तासभर अंतर ठेवा. अंडी खात असाल तर रोज दोन उकडलेली खा. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, शिवाय बी-१२ ही. शाकाहारींसाठी बी-१२ चा आधार दूध-दही. तेही नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.

मुलींची एक वेगळी तक्रार मी सतत ऐकते. मुलाखतीच्या दिवशी स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, लघवी तासन्तास रोखून धरतात. मग जळजळ, थंडी-ताप, म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग. पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि ज्या कार्यालयात मुलाखत आहे तिथे स्वच्छतागृह कुठे आहे, हे पोहोचताच विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

सगळंच ‘टेन्शन’ नसतं

एक तरुण आठवतो (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). दोन महिन्यांत वजन सात किलोने उतरलेलं, संध्याकाळी कणकण, कोरडा खोकला. खोलीतले मित्र म्हणत, टेन्शन घेऊ नकोस. त्यालाही तसंच वाटत होतं. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘कंपनीला कळेल का? नोकरी लागेपर्यंत गोळ्या थांबवल्या तर चालेल का?’

चालणार नाही. लहान, कोंदट खोलीत चारजण झोपतात तिथे एकाचा क्षयरोग इतरांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. योग्य औषधं सुरू झाली, की काही आठवड्यांत दुसऱ्याला संसर्ग होण्याची शक्यता खूपच कमी होते. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो आणि तो नियमित घेतला तर रोग बरा होतो. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. पोषणासाठी ‘निक्षय पोषण योजने’तून मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना पाचशेवरून एक हजार रुपये झाली आहे. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांमुळे मात्र औषधांना दाद न देणारा क्षयरोग होऊ शकतो. त्या तरुणाने उपचार पूर्ण केले. मधल्या काळात त्याला कामही मिळालं.

म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, कारण नसताना उतरणारं वजन, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर ते टेन्शनच्या खात्यात टाकू नका. सतत धडधड, हात थरथरणं आणि वजन घटणं यामागे थायरॉइडही असू शकतो. आधी तपासणी, मग निष्कर्ष.

सगळंच शरीराचंही नसतं

याची दुसरी बाजूही आहे. सगळ्या तपासण्या ठीक येतात, तरी पोटातला खड्डा जात नाही. अशा वेळी मी केसपेपर बाजूला ठेवून दोन गोष्टी विचारते. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास असतं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत रस उरलाय का? मुलगा खाली बघतो आणि गप्प होतो. मग हळूहळू कळतं, की आईचा फोन उचलणं त्याने बंद केलंय, मित्राच्या नोकरीची पार्टी टाळलीय, अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही. हे नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात.

‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटतंय असा विचार मनात आला, तर एकट्याने राहू नका. लगेच हा क्रमांक लावा, खोलीतल्या मित्राला सांगा, किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट या. मित्र असं काही बोलला तर चेष्टेवारी नेऊ नका, त्याच्यासोबत या.

मेडिकलच्या आधी

नोकरी जवळपास पक्की होते आणि वैद्यकीय तपासणीत माशी शिंकते. धावतपळत पोहोचलेल्या, घाबरलेल्या उमेदवाराचा रक्तदाब वाढलेला येतो. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा. अर्धा तास आधी चहा, सिगारेट नको. लघवीला जाऊन या. पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला, आणि मोजताना गप्पा नकोत. तरीही जास्त आला तर पुन्हा मोजण्याची विनंती करा. वेगवेगळ्या दिवशीही तो जास्तच येत असेल, तर मात्र उपचार लागतील.

रंग ओळखण्यातला दोष हा आणखी एक धक्का. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळण्याचा दोष बहुधा जन्मजात असतो आणि पुरुषांत जास्त आढळतो. अनेकांना तो असल्याचं मेडिकलमध्येच पहिल्यांदा कळतं. रेल्वे इंजिन चालवणं, जहाजावरची काही कामं यांची तयारी करणार असाल, तर दोन वर्षं क्लासला घालवण्याआधी नेत्र विभागात ही तपासणी करून घ्या. ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचायचे असतात, काही मिनिटांचं काम आहे.

यासाठी फार खर्च येत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमधली सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहे.

नकाराची लस

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९८० च्या दशकात बेकारांसाठी काही दिवसांचे छोटे गट-वर्ग घेण्यात आले. त्यात अर्ज, मुलाखत यांच्या सरावाबरोबर एक वेगळी गोष्ट शिकवली जाई. नकार येणार हे गृहीत धरायचं, तो आल्यावर आपलं काय होईल हे आधीच बोलून ठेवायचं आणि पुढचं पाऊल ठरवून ठेवायचं. लस जशी रोग येण्याआधी शरीराला तयार करते, तसंच हे. वर्गात आलेल्यांना तुलनेने चांगली कामं मिळाली. ज्यांना मिळाली नाहीत, त्यांचीही शोधण्याची उमेद जास्त टिकली. नैराश्याचा धोका ज्यांना अधिक होता, त्यांना फायदाही अधिक झाला.

याला विद्यापीठ लागत नाही. रविवारी संध्याकाळी खोलीतल्या चौघांनी अर्धा तास बसा. या आठवड्यात कुठे अडलो, कुठून नकार आला आणि उद्या काय करायचं, हे प्रत्येकाने सांगायचं. ‘त्या कंपनीकडून उत्तर आलं नाही, तर मंगळवारी दुसरीकडे अर्ज’ इतकं साधं. बोललेला नकार एकट्याने गिळलेल्या नकारापेक्षा हलका असतो.

आता गावाकडच्या आई-वडिलांसाठी. ‘काय झालं मग?’ हा तुमचा प्रश्न काळजीपोटी असतो, हे मुलांनाही कळतं. पण सांगण्यासारखं काही नसलं, की तोच प्रश्न फोन टाळायला लावतो. नोकरीची चौकशी आठवड्यातून एकदाच करा. मामा, काका, शेजारी यांनाही तसं सांगून ठेवा. बाकीच्या दिवशी शेतातलं, घरातलं बोला. जेवलास का, जेवलीस का, असं तर विचाराच. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर काय जेवण होतं तेही विचारा.

(लेखिका सरकारी रुग्णालयात फिजिशियन आहेत.)