पडद्यावरचे खेळ – भाग ७ : विकत घेतलेला गेम बंद पडतो तेव्हा

३१ मार्च २०२४ रोजी युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला होता. अख्खी अमेरिका आटोपशीर करून त्यात बसवली होती. न्यूयॉर्कहून निघायचे आणि मैदाने, डोंगर, वाळवंट ओलांडत थेट लॉस एंजेलिस गाठायचे. इतरांबरोबर शर्यती लावता येत होत्या आणि एकट्याने खेळायची एक कथाही होती. सर्व्हर थांबले त्या दिवशी ती कथाही थांबली. पुढच्या काही दिवसांत खेळाडूंच्या खात्यांतून गेमचा परवानाच काढून घेतल्याचे लक्षात आले. ज्यांनी दुकानातून डिस्क घेतली होती त्यांच्याही हाती काही उरले नाही, कारण डिस्कवरचा गेम सर्व्हरशी बोलल्याशिवाय सुरूच होत नव्हता.

मागच्या भागात लूट बॉक्सबद्दल, म्हणजे आत काय निघेल ते न कळता पैसे देऊन उघडायच्या गेममधल्या पेट्यांबद्दल, लिहिले होते. तिथे प्रश्न जास्तीच्या पैशांचा होता. आजचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू विकणाऱ्याने नंतर निकामी करावी का? माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. प्रकाशन संस्था बंद झाली म्हणून आपल्या कपाटातली तिची पुस्तके कोरी होत नाहीत.

हे कसे घडते ते समजण्यासाठी सर्व्हर नेमके काय करतो ते पाहायला हवे. अनेक जण एकत्र खेळतात तेव्हा कोण कुठे उभा आहे, कोणाची गोळी कोणाला लागली, याचा हिशेब एका संगणकावर ठेवावा लागतो. तो संगणक म्हणजे सर्व्हर. १९९६ साली आयडी सॉफ्टवेअरचा ‘क्वेक’ आला तेव्हा सर्व्हर चालवण्याची सोय खेळाडूंच्याच हाती दिलेली होती. कोणीही आपल्या यंत्रावर सर्व्हर सुरू करावा आणि मित्रांना बोलवावे. ‘काउंटर-स्ट्राइक’ याच परंपरेतला. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत सायबर कॅफेंमध्ये पोरे तासाच्या हिशेबाने पैसे देऊन त्याची १.६ ही आवृत्ती खेळायची, ती कॅफेतल्या यंत्रांना जोडणाऱ्या लॅनवर. इंटरनेट गेले तरी फेरी चालू राहायची. कोणत्याही कंपनीची परवानगी दर वेळी लागत नव्हती, म्हणून तो गेम आजही चार संगणक जोडून खेळता येतो.

मग मधल्या काळात ही सूत्रे प्रकाशकांनी आपल्याकडे ओढून घेतली. चाचेगिरी रोखणे हे एक कारण होते. दुसरे कारण, गेम कायम कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असला की त्यात दुकान थाटता येते. मे २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’ आला. एकट्याने खेळणाऱ्यालाही इंटरनेट सक्तीचे होते आणि पहिल्याच दिवशी सर्व्हर कोलमडल्याने पैसे भरलेले लोक ‘एरर ३७’ बघत बसले.

त्याच्या पुढच्या वर्षीचे उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. मार्च २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘सिमसिटी’ आणला. शहर वसवण्याचा, मुळात एकट्याने शांतपणे खेळायचा हा गेम. त्यालाही अखंड इंटरनेट लागत होते. सर्व्हर ओझ्याने वाकले, लोकांना आठवडाभर धड खेळता येईना. ऑफलाइन का देत नाही, असे विचारल्यावर गेम बनवणाऱ्या मॅक्सिस स्टुडिओने सांगितले की, बरीचशी आकडेमोड सर्व्हरवर होते, ती वेगळी काढायची तर अभियांत्रिकीचे फार मोठे काम करावे लागेल. काही दिवसांतच एका हौशी प्रोग्रॅमरने कोडमध्ये फेरफार करून शहर इंटरनेटशिवाय चालते हे दाखवून दिले. बरोबर वर्षाने, मार्च २०१४ मध्ये, खुद्द कंपनीनेच ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. गेमला सर्व्हर लागतो तो बहुतेक वेळा कोणीतरी तसा निर्णय घेतलेला असतो म्हणून, आणि हा निर्णय बदलता येतो.

‘द क्रू’ बंद करताना युबीसॉफ्टने सर्व्हरची यंत्रणा आणि परवान्यांच्या मर्यादा अशी कारणे दिली. परवान्यांचा मुद्दा खोटा नाही. खऱ्या गाड्या, खरी गाणी गेममध्ये वापरायची तर त्यांच्या मालकांशी करार करावे लागतात आणि त्या करारांना मुदत असते. ‘जीटीए ४’ला दहा वर्षे झाली तेव्हा, एप्रिल २०१८ मध्ये, रॉकस्टारने त्यातली कितीतरी गाणी अपडेटमधून काढून टाकली, तीही आधीच विकत घेतलेल्या प्रतींमधून. पण मुदत संपली म्हणून गेम मारावाच लागतो असे नाही. मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन ३’ सप्टेंबर २०२० मध्ये विक्रीतून गेला. त्यातही खऱ्या गाड्या आहेत. नवी विक्री थांबली, मात्र ज्यांनी घेतला होता ते आजही खेळू शकतात. विक्री थांबवणे आणि विकलेले निकामी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकाशक त्या एकाच दमात बोलतात, तिथे आपण सावध व्हायला हवे.

‘द क्रू’च्या निमित्ताने एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. तिची मागणी ऐकीव माहितीवर अनेकदा चुकीची सांगितली जाते. कंपनीने सर्व्हर कायमचे चालवावेत असे ती म्हणत नाही. सर्व्हर हवा तेव्हा बंद करा, फक्त जाताना गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडा, एवढेच तिचे म्हणणे. युरोपीय संघात नागरिकांना एखादा विषय युरोपीय आयोगापुढे नेण्याचा हक्क आहे. त्यासाठी वर्षभरात दहा लाख सह्या लागतात. जुलै २०२५ च्या सुरुवातीला मोहिमेने तो टप्पा ओलांडला आणि महिनाअखेर मुदत संपेपर्यंत आकडा १४ लाखांवर गेला. ब्रिटनमध्ये लाखावर सह्यांची याचिका संसदेत चर्चेलाही आली. तिथल्या सरकारने ग्राहक कायदा बदलण्याचा विचार नसल्याचे सांगितले.

प्रकाशकांच्या युरोपीय संघटनेचा विरोध आहे. खेळाडूंनी स्वतःचे सर्व्हर चालवले तर माहितीची सुरक्षा, बेकायदा मजकूर यांवर कंपनीचे नियंत्रण राहणार नाही आणि ठपका मात्र तिच्यावर येईल. शिवाय असे गेम बनवणे फार महाग पडेल, असे ती म्हणते. खर्चाचा मुद्दा मी गांभीर्याने घेतो, विशेषतः छोट्या स्टुडिओंसाठी. आजचा सर्व्हर म्हणजे एक प्रोग्रॅम नसतो. खाती, जोड्या लावणे, देवाणघेवाण अशा अनेक भाड्याच्या सेवांची ती गुंफण असते आणि ती शेवटी उसवणे अवघड जाते. म्हणूनच हे काम पहिल्या आराखड्यात धरायला हवे. जून २०२३ मध्ये ‘नॉकआउट सिटी’ बंद करताना वेलन स्टुडिओज या छोट्या कंपनीने पीसीवर खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती दिली. खुद्द युबीसॉफ्टने टीकेनंतर ‘द क्रू २’ला २०२५ मध्ये ऑफलाइन सोय दिली. छोट्याला जमले आणि मोठ्यालाही जमले, मग अशक्य कशाला म्हणायचे?

आपल्याकडे या विषयाची चर्चा फारशी होत नाही, आणि मला त्याची खंत वाटते. मोठ्या नव्या गेमची किंमत आता चार-पाच हजार रुपयांच्या घरात असते. कॉलेजमधला मुलगा महिनोन्‌महिने पैसे साठवून तो घेतो. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, डिजिटल वस्तूचा फक्त परवाना विकत असाल तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानानेही पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना टाकली आहे. ही सूचना चांगली, पण अपुरी. धोका आहे हे कळल्याने धोका कमी होत नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादने आहेत. वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपवू देणारी अट हा कायदा अन्याय्य करारांत धरतो. गेमच्या परवान्यांतली ‘आम्ही केव्हाही सेवा थांबवू शकतो’ ही अट या कसोटीवर तपासली जावी, असे माझे ठाम मत आहे. निर्णय अर्थात ग्राहक आयोगाचा.

तोपर्यंत खरेदी करताना काही गोष्टी बघता येतील. स्टीमवर गेमच्या पानाच्या उजव्या बाजूला दुसऱ्या कंपनीचे खाते लागते का, वेगळे डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप, आहे का, हे लिहिलेले असते. एकट्याने खेळायच्या गेमला अखंड इंटरनेट लागत असेल तर तो पूर्ण किमतीला घेऊ नका. तोच गेम जीओजीवर मिळत असेल तर तिथून घ्या. २००८ पासून हे दुकान डीआरएमशिवाय गेम विकते आणि इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवू देते. तो मात्र खरोखर उतरवून ठेवा. आणि तुमचा एखादा गेम असा बंद झालाच, तर गप्प बसू नका: बिल काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा.

पुढच्या भागात अर्धवट अवस्थेत विकल्या जाणाऱ्या गेमबद्दल, म्हणजे ‘अर्ली अ‍ॅक्सेस’बद्दल.