शाळेचे छप्पर आणि मतदाराचा कौल

५ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेने आपला अध्यक्ष निवडला, ही वार्ता जगभर पोहोचली. त्याच दिवशी कॅलिफोर्निया राज्यातील मतदारांनी आणखी एका प्रश्नाचा निकाल लावला. त्याची वार्ता मात्र राज्याच्या सीमेबाहेर फारशी गेली नाही. सार्वजनिक शाळा आणि सामुदायिक महाविद्यालये यांच्या इमारतींची दुरुस्ती व विस्तार यांसाठी राज्याने १,००० कोटी डॉलरचे कर्जरोखे विक्रीस काढावेत काय, असा तो प्रश्न होता. ५८ टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्यास होकार दिला. लॉस एंजेलिसच्या मतदारांपुढे याशिवाय ९०० कोटी डॉलरचा एक स्वतंत्र स्थानिक प्रस्ताव होता. तोही संमत झाला.

शाळेच्या छपरासाठी कर्ज काढायचे किंवा नाही, याबाबतचा अखेरचा शब्द सामान्य नागरिकाचा असावा, ही कल्पना महाराष्ट्रातील वाचकाला नवलाची वाटेल. ती लोकशाहीला शोभणारी आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या पोटात एक अन्यायही दडलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या अनुभवात या दोन्ही बाजू ठळकपणे दिसतात, आणि म्हणूनच तो तपशिलाने पाहण्याजोगा आहे.

कर्ज कशासाठी?

कॅलिफोर्नियात सार्वजनिक शाळांचा कारभार ‘शालेय जिल्हा’ नामक स्थानिक संस्थांकडे असतो. अशा नऊशेहून अधिक संस्था त्या राज्यात आहेत. प्रत्येकीचे मंडळ लोकांनी निवडलेले असते आणि तिच्या सीमा ठरलेल्या असतात. शिक्षकांचे वेतन, पुस्तके, दैनंदिन खर्च हे वार्षिक उत्पन्नातून भागविले जातात. इमारतीचे तसे नसते. तिला एकदम मोठी रक्कम लागते आणि तिचा उपयोग पुढे चाळीस-पन्नास वर्षे होत राहतो. अशा वास्तूचा सारा भार आजच्या करदात्यावर टाकणे न्याय्य नव्हे. जे तिचा लाभ घेतील त्यांनी तो क्रमाक्रमाने उचलावा, हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे जुने तत्त्व आहे. त्यानुसार शालेय जिल्हा रोखे विकतो, आलेल्या पैशातून बांधकाम करतो आणि मुद्दल व व्याज फेडण्यासाठी हद्दीतील मालमत्तेवर जादा कर बसवितो. हा कर घरमालकाच्या बिलात वर्षानुवर्षे राहणार असल्यामुळे त्याची संमती आधी घ्यावी, हे ओघानेच येते.

चौतिसांचा नकार

ही संमती किती जणांची असावी, हा खरा वादाचा विषय ठरला. १८७९ च्या राज्यघटनेने स्थानिक कर्जासाठी दोन-तृतीयांश मतांची अट घातली होती. तिच्या समर्थनार्थ बरेच काही सांगता येते. एका दिवसाच्या मतदानाने पुढील पंचवीस-तीस वर्षांचा कर ठरतो. ज्यांना तो पुढे भरावा लागेल त्यांतील अनेकांना आज मताचा अधिकारही नसतो. तथापि या अटीचा व्यवहारातील अर्थ असा की, शंभरांपैकी सहासष्टांनी होकार दिला तरी चौतिसांचा नकार त्यास भारी ठरे.

६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ संमत केला आणि प्रश्न अधिकच बिकट झाला. मालमत्ताकर करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर रोखण्यात आला आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढू नये, असे बंधन आले. नव्या कर्जाच्या फेडीसाठी जादा मालमत्ताकर बसविण्याचा मार्गच बंद झाला. तो पुन्हा खुला होण्यास १९८६ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही दोन-तृतीयांशांची अट कायमच राहिली. दरम्यान मुलांची संख्या वाढत होती. शाळांच्या पटांगणात तात्पुरत्या वर्गखोल्या येऊन बसल्या व कायमच्या झाल्या. लॉस एंजेलिसमध्ये अनेक शाळा बारा महिने पाळ्यांनी चालविण्यात आल्या. वस्तीतील शाळेत जागा नाही म्हणून हजारो मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवावे लागले.

अखेरीस २००० साली तोडगा निघाला. त्या वर्षी मार्चमध्ये साध्या बहुमताचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. नोव्हेंबरमध्ये ५५ टक्क्यांची मर्यादा सुचविणारा ‘प्रस्ताव ३९’ मात्र स्वीकारला. गमतीची गोष्ट अशी की, त्याला स्वतःला सुमारे ५३ टक्केच मते मिळाली होती! स्थानिक कर्जास पुढे जी कसोटी लागू व्हायची, त्या कसोटीस हा प्रस्ताव स्वतः उतरला नसता.

या सवलतीची किंमतही ठरविण्यात आली, आणि या व्यवस्थेचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. कोणती कामे करावयाची त्यांची यादी मतदानापूर्वीच जाहीर झाली पाहिजे. शिक्षकांच्या वा अधिकाऱ्यांच्या वेतनावर यातील एक डॉलरही खर्च करता येत नाही. हिशेबाची आणि प्रत्यक्ष कामाची अशा दोन स्वतंत्र तपासण्या दरवर्षी व्हाव्या लागतात. निदान सात नागरिकांची देखरेख समिती नेमणे बंधनकारक असून तीत पालक, व्यापारी, ज्येष्ठ नागरिक आणि करदात्यांची संघटना यांचे प्रतिनिधी असावे लागतात. बालवर्ग ते बारावीपर्यंतच्या शाळा चालविणाऱ्या जिल्ह्यात एका मतदानातून येणारा कर करपात्र मूल्याच्या एक लाख डॉलरमागे वर्षाला साठ डॉलरहून अधिक होणार नाही, अशीही मर्यादा आहे. आपल्या होकाराची किंमत किती, हे मतदाराला आगाऊ कळते.

परिणाम दिसून आला. लॉस एंजेलिसने १९९७ पासून मतदारांनी दिलेल्या कर्जातून दोन दशकांत १३० हून अधिक नव्या शाळा उभारल्या. पाळ्यांची पद्धत ओसरली आणि मुले आपल्या वस्तीतील शाळेत परतली.

घरांच्या किमतीवर मुलांचे वर्ग

येथवरचे चित्र समाधानकारक आहे. परंतु जो कर घरांच्या मूल्यावर बसतो, त्याचे उत्पन्न घरांच्या मूल्यावरच अवलंबून राहणार. समजा, एका शालेय जिल्ह्यात दर विद्यार्थ्यामागे दोन लाख डॉलरची मालमत्ता आहे आणि दुसऱ्यात वीस लाखांची. दोन्हीकडील नागरिकांनी सारख्याच उत्साहाने लाखामागे साठ डॉलरचा कर स्वीकारला, तर पहिल्या ठिकाणी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १२० डॉलर जमतील, दुसऱ्या ठिकाणी १,२००. त्याग सारखा, फळ मात्र दहापट! शिक्षणाचा दर्जा जिल्ह्याच्या संपत्तीवर अवलंबून असू नये, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटले होते. त्या निर्णयातून जी समता आली ती मुख्यतः दैनंदिन खर्चापुरती; इमारतींच्या वाट्याला ती फारशी आली नाही.

ही तूट भरून काढणे हे राज्याचे काम. १९९८ च्या कायद्याने राज्य नव्या बांधकामाचा निम्मा खर्च देऊ लागले आणि नूतनीकरणाचा साठ टक्के वाटा उचलण्याचे प्रमाण पुढे रूढ झाले. पण उरलेला वाटा जिल्ह्याने उभारावयाचा आणि जो आधी अर्ज करील त्याला आधी मिळावयाचे, असा नियम असल्यामुळे संपन्न जिल्हे पुढे राहिले. ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी मिळावे, असे हे अनुदान! अत्यंत मागासलेल्या शाळांच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी ८० कोटी डॉलर देण्याचे राज्याने २००४ मध्ये मान्य केले, तेही न्यायालयात दावा दाखल झाल्यानंतर. २०२४ च्या प्रस्तावाने गरीब जिल्ह्यांसाठी राज्याचा वाटा थोडा वाढविला आहे: नव्या बांधकामात ५५ टक्क्यांपर्यंत, नूतनीकरणात ६५ टक्क्यांपर्यंत. दिशा योग्य आहे. पण दहापटीच्या अंतरापुढे पाच टक्क्यांनी काय साधणार?

उधारीचा मोह

दुसरा धोका काळाचा आहे. सॅन डिएगो परगण्यातील पोवे या शालेय जिल्ह्याने २०११ मध्ये १०.५ कोटी डॉलर उभारले. कराचा दर वाढणार नाही, असे आश्वासन मतदारांना दिलेले असल्यामुळे पहिली वीस वर्षे काहीच फेड न करण्याची सोय या रोख्यांत होती. व्याज मुद्दलात साचत जाऊन एकूण परतफेड सुमारे ९८ कोटी डॉलरवर जाणार, हे कळले तेव्हा मोठा गदारोळ उडाला. २०१३ मध्ये राज्याने कायदा करून अशा रोख्यांची परतफेड मुद्दलाच्या चौपटीपुरती आणि मुदत पंचवीस वर्षांपुरती मर्यादित केली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये रोख्यांच्या पैशातून विद्यार्थ्यांना टॅब्लेट संगणक देण्याची योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी तो करार थांबविण्यात आला. चार-पाच वर्षांत निकामी होणाऱ्या वस्तूसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज काढणे हे मूळ तत्त्वालाच सोडून होते. वास्तूचे आयुष्य आणि कर्जाचे आयुष्य यांची सांगड सुटली की, जे वाटून घेणे होते ते मुलांच्या माथी मारणे होते.

मतदाराचा कौल या चुका आपोआप टाळू शकत नाही. मार्च २०२० मध्ये १,५०० कोटी डॉलरचा राज्यस्तरीय शालेय कर्जाचा प्रस्ताव फेटाळला गेला. योगायोगाने त्याचाही क्रमांक १३ होता, आणि १९७८ च्या प्रस्तावाशी त्याची गल्लत झाली असावी, असा तर्क तेव्हा अनेकांनी केला.

महाराष्ट्रापुरते

महाराष्ट्रात सार्वजनिक शाळेची इमारत शासनाचे अनुदान, जिल्हा परिषद वा महापालिकेचा निधी आणि देणगीदारांचे औदार्य यांवर उभी राहते. शहरी मालमत्तेवर १९६२ च्या कायद्याने शिक्षण उपकर आहे. तो स्थानिक संस्था गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. आपण भरलेल्या उपकरातून कोणत्या शाळेची कोणती भिंत उभी राहिली, हे करदात्याला कळण्याची सोय नाही. कर्जरोखेही येथे अपरिचित नाहीत: पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले. मतदारांचा कौल त्यासाठी लागला नाही.

कॅलिफोर्नियाची मतपेटी उचलून येथे आणावी, असे कोणी म्हणणार नाही. तिच्याबरोबर श्रीमंत वस्ती आणि गरीब वस्ती यांतील दरीही येईल. उचलण्याजोगी आहे ती तिची शिस्त. कामांची यादी आधी, खर्चाचा आकडा आधी, आणि नंतरची तपासणी पैसे भरणाऱ्या नागरिकांसमोर. यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीने विकास आराखडा तयार करावयाचा असतो, तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि तोच आराखडा अनुदानाचा आधार मानावा, असे कायदा सांगतो. हे कलम अक्षरशः पाळले गेले, तर शाळेची गळकी खोली किती रुपयांत आणि केव्हा दुरुस्त होणार, हे गावाला विचारता येईल. उत्तर देणे मग शासनाला भाग पडेल. आणि ज्या गावापाशी पैसा नाही, तेथील खोलीचा भार राज्याने सर्वप्रथम उचलला पाहिजे. मुलाने कोणत्या छपराखाली बसावे, हे त्याच्या शेजाऱ्यांच्या घरांच्या किमतीने ठरता कामा नये.