सर्व्हरची हार्ड डिस्क : वेग पाहावा की भरवसा?

आजकाल कापडाच्या मध्यम पेढीतही चार-पाच संगणक एका सर्व्हरला जोडलेले असतात. उधारी, साठा, जीएसटीची बिले, सारा हिशेब-किताब त्या एका यंत्रात. कायद्याने तो वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावा लागतो. तरी खरेदीच्या वेळी आपले व्यापारी बंधू 'किती टीबी?' एवढेच विचारतात.

आधी वेग पाहू. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. हवी ती नोंद सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. ५४०० च्या डिस्कला त्यासाठी साडेपाच मिलिसेकंद लागतात, ७२०० च्या डिस्कला सव्वाचार. सुई सरकण्याचा वेळ वेगळाच. त्यामुळे ७२०० ची डिस्कही विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच वाचते. पाच मुनीम एकदम बिले काढू लागले की यंत्र का अडखळते, ते यात आले. एसएसडीत फिरणारा भागच नाही. ती हजारो नोंदी वाचते. चालू हिशेबासाठी आम्ही तीच घ्या म्हणू. जुने फोटो, डिझाइने साठवायला फिरती डिस्क स्वस्त पडते.

आता भरवशाचे. माहितीपत्रकावर '१० लाख तास' लिहिलेले असते. म्हणजे ११४ वर्षे! दुकानदारही तसेच समजावतो. खरा अर्थ एवढाच की हजार डिस्क रात्रंदिवस चालवल्या तर वर्षाला सुमारे नऊ बिघडाव्यात. तेही कागदावर. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या श्रोडर आणि गिब्सन यांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कचा हिशेब मांडला, तेव्हा वर्षाला शंभरात दोन ते चार बदलाव्या लागणे सर्रास आढळले. महागड्या जातीच्या डिस्क त्यात फारशा सरस ठरल्या नाहीत, आणि वय वाढेल तसे बिघाड वाढत गेले.

लेबलावर तरी किती विसंबावे? २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या काही 'रेड' डिस्कमध्ये एसएमआर पद्धत असल्याचे उघड झाले. यात नोंदींच्या रांगा कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. जोडीतली एक डिस्क मेल्यावर नवीन भरताना अशी डिस्क फार रेंगाळते. म्हणून बिलावर 'सीएमआर' असे लिहून मागावे. दुकानदार कुरकुर करील, करू द्या.

डिस्क दोन घ्याव्यात, शक्यतो वेगवेगळ्या लॉटमधल्या, आणि रेड-१ पद्धतीने जोडाव्यात म्हणजे एक गेली तरी गल्ला थांबत नाही. मात्र मुनिमाने चुकून खाते पुसले तर ते दोन्हींवरून पुसले जाते. त्यासाठी तिसरी प्रत हवी. ती रोज संध्याकाळी उतरवून दुकानाबाहेर, घरी न्यावी, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.