हॅमिल्टन फार्मवरचे दोन डाव

गोल्फच्या नेहमीच्या स्पर्धेत, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये, खेळाडू एकमेकींशी खेळण्यापेक्षा मैदानाशीच खेळत असतात. तीन-चार दिवसांत ज्या बाईचे फटके सगळ्यांत कमी, ती जिंकते. मॅच प्लेमध्ये मात्र समोर एकच प्रतिस्पर्धी असते. कमी फटक्यांत चेंडू आत घातला की तो होल आपला. उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तिथेच संपतो आणि बाद पद्धतीत हरणारी त्याच संध्याकाळी सामान आवरते. महिलांच्या एलपीजीए टूरवर 2005 मध्ये एचएसबीसी बँकेने या पद्धतीची 64 जणींची स्पर्धा न्यू जर्सीतल्या हॅमिल्टन फार्म गोल्फ क्लबवर सुरू केली. बक्षिसाची रक्कम होती 20 लाख डॉलर. त्यातले 5 लाख विजेतीचे. 2007 मध्ये स्पर्धा न्यूयॉर्कजवळच्या वायकागिल क्लबवर गेली आणि त्या वर्षीच संपली. पुढे 2010 मध्ये सायबेस या सॉफ्टवेअर कंपनीच्या नावाने मॅच प्ले पुन्हा हॅमिल्टन फार्मवर आली आणि 2012 नंतर तीही थांबली. दोन्ही डाव तीन-तीन वर्षांचे. याचं खापर बहुतेकदा खेळाच्या पद्धतीवर फोडलं जातं. मला ते मान्य नाही.

पद्धतीविरुद्धचा आक्षेप अगदीच पोकळ नाही, हे आधी कबूल करायला हवं. प्रायोजकाला आणि टीव्हीवाल्यांना रविवारी प्रसिद्ध चेहरे लागतात, आणि बाद पद्धतीत ते गुरुवारीच घरी जाऊ शकतात. शेवटच्या दिवशी मैदानावर मोजक्याच खेळाडू उरतात. दोन फटक्यांच्या मधला वेळ कॅमेऱ्याने कशात घालवायचा? पहिल्याच वर्षी कोलंबियाच्या मारिसा बाएनाने बाजी मारली; फार कमी प्रेक्षकांनी तिच्यावर पैज लावली असती. पण एलपीजीएची स्पर्धा जिंकणारी ती पहिली कोलंबियन ठरली, आणि अशी दारं उघडायला मॅच प्लेसारखी दुसरी पद्धत नाही. पुढच्याच वर्षी 20 वर्षांच्या ब्रिटनी लिन्सिकमने वाटेत मिशेल वी आणि लोरेना ओचोआ यांना हरवलं आणि अंतिम सामन्यात 46 वर्षांच्या जूली इंक्स्टरला. याहून चांगलं नाट्य कुठल्या प्रायोजकाला हवं होतं? 2012 च्या उपांत्य सामन्याने तर वादही पुरवला. बाराव्या होलवर मॉर्गन प्रेसेल तीन होलांनी पुढे गेली असं वाटत असतानाच संथ खेळाबद्दल तो होल तिच्याकडून काढून प्रतिस्पर्धीला दिला गेला, आणि आघाडी एकावर आली. सामना व पुढे विजेतेपदही स्पेनच्या अझाहारा मुन्योझकडे गेलं. नियम वाजवी होता की नाही यावर वाद घालता येईल, कंटाळवाणा खेळ होता असं मात्र कुणी म्हणू नये.

खरं कारण खेळाबाहेर शोधावं लागतं. एचएसबीसीने 2008 मध्ये सिंगापूरला एचएसबीसी विमेन्स चॅम्पियन्स सुरू केली. बँकेचं लक्ष आशियाकडे वळलं आणि पैसाही त्याच दिशेने गेला. सायबेस कंपनीच 2010 मध्ये सॅपने विकत घेतली. विकल्या गेलेल्या नावाची जाहिरात किती दिवस चालणार? त्यात मंदी. एलपीजीएच्या वेळापत्रकात 2008 मध्ये 34 स्पर्धा होत्या, 2011 मध्ये 23 उरल्या. कॉर्निंग क्लासिकसारखी 1979 पासूनची साध्या स्ट्रोक प्लेची स्पर्धाही 2009 मध्ये बंद पडली, तेव्हा दोष पद्धतीचा कसा? एकाच खांबावर मांडव उभारला की खांबाच्या मालकाचं मन बदलताच तो कोसळतो.

कुणी म्हणेल, पुरुषांच्या टूरवरच्या मॅच प्ले स्पर्धेचाही 2023 मध्ये शेवट झाला, तेव्हा दोष पद्धतीतच. या आक्षेपात थोडं तथ्य आहे. एलपीजीएनेही 2021 मध्ये लास व्हेगासच्या शॅडो क्रीकवर मॅच प्ले परत आणली ती जुन्या रूपात नव्हे: चार-चार जणींचे गट केले, म्हणजे प्रत्येकीला निदान तीन सामने. पहिल्याच दिवशी बाद होण्याची धास्ती त्यामुळे गेली. 2024 मध्ये तर तीन दिवस स्ट्रोक प्ले आणि मग फक्त आठ जणींमध्ये सामने, अशी तडजोड झाली. त्या वर्षीची विजेती नेली कोर्डा. म्हणजे बाद पद्धतीची अडचण सोडवता येते, हे टूरनेच दाखवलं. मग 2007 मध्ये आणि 2012 मध्ये ती सोडवायचा प्रयत्न का झाला नाही, याचं उत्तर हॅमिल्टन फार्मच्या हिरवळीवर सापडणार नाही. ते बँकेच्या आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या जाहिरात खात्यातच शोधायला हवं.