मुंबई–लंडन: जायला जास्त, यायला कमी

लंडनला निघालेला नातू कधी पोहोचेल, हा हिशेब गिरगाव-दादरच्या घराघरांत होतो. सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. येताना बहुधा तासभर कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे विमानाला पुढे रेटतात. वाटेतल्या एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले, की वळसा पडून वेळ वाढतो. लंडनची घड्याळे हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे. त्यामुळे पहाटे निघालेला नातू तिथे सकाळीच उतरतो. पूर्वी मात्र याहून बराच वेळ लागे: 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे लंडनला जाणारे पहिले विमान ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे निघाले आणि लंडनला 10 जूनला पोहोचले.