एकाच घरचे धावपटू : गुण रक्तातला की सुईतला?

एकाच घरातील दोन-तीन भावंडे लांब पल्ल्याच्या शर्यतींत पदके मिळवू लागली की दोन उद्गार हमखास कानी पडतात. एक कौतुकाचा : ‘त्यांच्या रक्तातच आहे ते.’ दुसरा दबक्या आवाजातला : ‘काहीतरी घेत असणार.’ दोन्ही उद्गारांचा संबंध रक्ताशीच असल्यामुळे आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी या प्रश्नाकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहणे उचित ठरेल.

दिबाबा भगिनी

इथिओपियातील बेकोजी हे सुमारे २,८०० मीटर उंचीवरील लहानसे गाव. येथील तिरुनेश दिबाबा हिने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५,००० व १०,००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या आणि २०१२ मध्ये लंडनला १०,००० मीटरचे सुवर्णपदक राखले. थोरली बहीण एजेगायेहू हिला २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरचे रौप्यपदक मिळाले होते. धाकट्या गेन्झेबेने २०१५ मध्ये मोनॅको येथे १,५०० मीटर अंतर ३ मिनिटे ५०.०७ सेकंदांत पार करून १९९३ पासूनचा विश्वविक्रम मोडला. केनेनिसा व तारिकू बेकेले हे ऑलिंपिक पदकविजेते बंधूही याच परिसरातले.

जून २०१६ मध्ये गेन्झेबेच्या प्रशिक्षकाला उत्तेजक द्रव्यांच्या तपासात स्पेनमध्ये अटक झाली आणि तिच्या विक्रमाबद्दल कुजबुज सुरू झाली. तिच्यावर उत्तेजक सेवनाचा दोष सिद्ध झालेला नाही. तरीही संशय त्या नावाला चिकटला. वास्तविक ‘दिबाबा’ हे आडनाव नव्हे. तेथील प्रथेप्रमाणे ते वडिलांचे नाव आहे. एका बहिणीच्या प्रशिक्षकावरील किटाळ सगळ्या भगिनींच्या नावावर येणे न्यायाला धरून नाही.

मात्र संशय घेणारे सर्वस्वी चूक आहेत, असेही म्हणता येत नाही. शेजारच्या केनियातील मॅरेथॉनपटू रिटा जेप्टू (२०१४) आणि १,५०० मीटरचा माजी विश्वविजेता अॅस्बेल किप्रोप (२०१७) यांच्या नमुन्यांत एरिथ्रोपोएटिन आढळले व त्यांच्यावर बंदी आली.

एरिथ्रोपोएटिनचे कार्य

मूत्रपिंडात तयार होणारे हे संप्रेरक अस्थिमज्जेला तांबड्या पेशी निर्माण करण्याची आज्ञा देते. पेशी वाढल्या की स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो. कृत्रिम एरिथ्रोपोएटिनला अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना ते वरदान ठरले. निरोगी खेळाडूने घेतल्यास मात्र रक्त दाट होते आणि गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९० मध्ये त्यावर बंदी घातली. परंतु ऑलिंपिकमध्ये त्याची चाचणी प्रथम झाली ती २००० मध्ये, सिडनी येथे. मधली दहा वर्षे नियम होता, पण तो मोडणाऱ्यास पकडण्याचे साधन नव्हते. आजच्या संशयाचे मूळ बरेचसे त्या काळात आहे.

एका कुटुंबाचे जनुक

गुण खरोखरच रक्तात असल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण धावपटूंचे नसून स्कीइंगमधले आहे. फिनलंडचा ईरो मॅन्टिरान्ता याने ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णांसह सात पदके मिळवली. त्याचे हिमोग्लोबिन २० ग्रॅमच्याही वर असे आणि त्याच्याबद्दल अर्थातच संशय घेतला जाई. १९९३ मध्ये फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी उलगडा केला. या कुटुंबात एरिथ्रोपोएटिनच्या ग्राहक-प्रथिनाचे जनुक बदललेले होते. पेशीनिर्मिती थांबवण्याची सूचना घेणारा प्रथिनाचा शेवटचा भागच त्यात नव्हता. त्यामुळे अल्प संप्रेरकावरही मज्जा जोमाने काम करी. हा बदल प्रभावी पद्धतीने पुढच्या पिढीत उतरतो व निरुपद्रवी आहे. ईरोचा भाचा पेर्टी तेउरायार्वी हाही १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णविजेत्या रिले संघात होता.

मात्र हाच ईरो १९७२ मध्ये अॅम्फेटामिनच्या चाचणीत दोषी आढळला होता. देणगी असणे हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे, तसेच असामान्य आकडा हा अपराधाचा पुरावा नव्हे.

आफ्रिकी धावपटूंत असे एखादे निर्णायक जनुक आजवर सापडलेले नाही. इतकेच काय, इथिओपियातील उंचावर राहणाऱ्या अम्हारा लोकांचे हिमोग्लोबिन जवळजवळ सपाटीवरील माणसांइतकेच असते, तर ओरोमो लोकांत ते वाढलेले आढळते. एकाच देशात इतका फरक असताना ‘सर्वसाधारण’ आकड्यावरून एका व्यक्तीचा न्याय कसा करावा?

वाढीचा तक्ता आणि रक्ताचा तक्ता

याचे उत्तर आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाचे आहे. मुलाचे वजन एकदा पाहून आम्ही निष्कर्ष काढत नाही. वाढीच्या तक्त्यावर त्याची स्वतःची रेषा पाहतो. ठेंगण्या आईबापांचे मूल खालच्या रेषेवर सातत्याने वाढत असेल तर चिंता नसते. रेषा अकस्मात सोडली तर असते. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेने (वाडा) २००९ मध्ये आणलेले ‘जैविक पारपत्र’ याच तत्त्वावर चालते. खेळाडूचे हिमोग्लोबिन आणि तरुण तांबड्या पेशींचे (रेटिक्युलोसाइट) प्रमाण वर्षानुवर्षे नोंदले जाते. बाहेरून एरिथ्रोपोएटिन घेऊन थांबल्यास हिमोग्लोबिन चढलेले आणि तरुण पेशी घटलेल्या दिसतात. रक्त काढून ठेवल्यास याच्या उलट. येथे खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, म्हणून ईरोसारख्याला न्याय मिळू शकतो.

घर नावाचे कारण

भावंडांत केवळ जनुके समान नसतात. अन्न, दिनक्रम, प्रशिक्षक आणि थोरल्याच्या पावलावर पाऊल टाकण्याची ईर्षाही समान असते. नॉर्वेतील हेन्रिक, फिलिप आणि याकोब इंगेब्रिग्टसेन हे बंधू अनुक्रमे २०१२, २०१६ व २०१८ मध्ये १,५०० मीटरचे युरोपीय विजेते झाले. वडीलच त्यांचे प्रशिक्षक. परंतु २०२३ मध्ये तिघांनी वडिलांवर मारहाण व धाकदपटशाचे जाहीर आरोप केले. २०२५ मध्ये न्यायालयाने याकोबच्या छळाच्या आरोपातून वडिलांना मुक्त केले, पण मुलीला मारल्याबद्दल दोषी ठरवले. यशस्वी घराकडे पाहताना आपण सुईचा शोध घेतो. मुलांच्या मनाची विचारपूस कोणी करत नाही.

आपल्या दवाखान्यात

शालेय स्पर्धा जवळ आल्या की ‘रक्त वाढवणारे इंजेक्शन द्या’ म्हणणारे पालक आपल्यापैकी अनेकांना भेटत असतील. लोहाची कमतरता असल्यास, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींत, ती तपासून भरून काढणे हा उपचारच आहे. कमतरता नसताना लोह दिल्याने वेग वाढत नाही. स्पर्धक मुलीची पाळी थांबली किंवा वजनाची रेषा खाली आली, तर तिचा आहार अपुरा पडत आहे असे समजून तपासावे.

औषध लिहितानाही सावधगिरी हवी. खोकल्याच्या अनेक औषधांतील टर्ब्युटालिन प्रतिबंधित आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या इंदुरातच झालेल्या सामन्याच्या वेळी क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या नमुन्यात ते आढळले. खोकल्याच्या औषधातून ते नकळत पोटात गेल्याचे त्याचे स्पष्टीकरण मंडळाने मान्य केले, तरीही आठ महिन्यांची बंदी टळली नाही. म्हणून खेळाडू मुलाच्या कागदावर ‘स्पर्धक’ अशी नोंद करावी, वाडाची प्रतिबंधित यादी दरवर्षी पाहावी, औषध अपरिहार्य असल्यास उपचारार्थ सूट मागण्याची माहिती पालकांना द्यावी आणि जाहिरातीतील शक्तिवर्धक भुकट्या बंद करायला सांगाव्यात.

आपल्या घराघरांतूनही उद्या धावणारी भावंडे पुढे येतील. त्यांच्या यशाकडे बोट दाखवले जाईल, तेव्हा लहानपणापासून नीट ठेवलेल्या नोंदी हा त्यांचा भक्कम आधार असेल. तो देणे आपल्या हाती आहे.