फिशमीलचा वास आणि आपली कुट्टी

फिशमीलच्या कारखान्याचा विषय निघाला की आपण सगळेच नाक मुरडतो. पण तिथे जाणारी कुट्टी आपल्याच ट्रॉलरवरून उतरते.

एक किलो भुकटीला साधारण 4 ते 5 किलो मासळी लागते. मासळी शिजवतात, दाबतात, तेल वेगळं काढतात. मागे उरतं ते चिकट पाणी. चांगला कारखाना ते आटवून परत भुकटीतच घालतो, त्यात त्याचाही फायदा. कंजूस कारखाना नाल्यात सोडतो. मग पाण्यातला प्राणवायू संपतो आणि खाडीतली मासळी गुदमरते. म्हणून माल देण्याआधीच विचारायचं, तुमचं पाणी जातं कुठे?

वासाचं मात्र अर्धं पाप आपलं. बर्फाविना दोन दिवस पडलेली कुट्टी शिजली की दुसरं काय होणार?

आणि त्या ढिगात बोटभर तारले, बांगडे किती असतात, ते आपण रोज बघतो. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीचा किमान आकार ठरवला. रापणकार विचारतात, ती वाढली असती तर आमच्या जाळ्यात आली नसती? खोटं नाही ते. फिशमीलला फिलेट कारखान्यातली मुंडकी, काटे चालतात. आपण ट्रॉलच्या खोळीला चौकोनी आस लावू, पिल्लं निसटतील.

1 जूनला बंदी लागेल, जाळी तेव्हा दुरुस्तीला काढायचीच आहेत.